कार्यालय दुसऱ्याचे, कार्य आपले

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पन्हाळा तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी एक छोटे वेब ॲप्लिकेशन लिहिले. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर एवढीच नोंद. सकाळची पाळी वेगळी, संध्याकाळची वेगळी, आणि दर दहा दिवसांनी बिल. घरी लॅपटॉपवर महिनाभर चालवून पाहिले, एकही चूक सापडली नाही. मग ते एका क्लाउड प्लॅटफॉर्मवर चढवले. पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला केंद्राच्या सचिवांचा फोन आला.

“सर, या आजींची सकाळची नोंद आधीच झालीय असं दाखवतंय. दूध तर त्यांनी आत्ता आणलंय.”

मागून आजींचा आवाज येत होता, “कालचं काल घातलं की. ह्ये आजचं हाय.”

आजींचे बरोबर होते. आदल्या दिवशी त्या पावणेसहाला आल्या होत्या, त्या दिवशी अर्धा तास लवकर. प्लॅटफॉर्मवरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. सव्वापाचला आणलेले दूध कालच्या तारखेत गेले, कालच्या तारखेला सकाळची नोंद आधीच होती, म्हणून प्रोग्रामने आजींना परत पाठवले. लॅपटॉपचे घड्याळ भारतीय वेळेवर लावलेले होते, त्यामुळे महिनाभर ही चूक माझ्यापुढे आलीच नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. ती केली आणि केंद्र पुढे चालू झाले. त्या सकाळी जे समजले, त्यातून मात्र हे पुस्तक निघाले. प्लॅटफॉर्मने आपले काम चोख केले होते. वीज, यंत्र, जोडणी, सुरक्षा, सगळे त्याने सांभाळले होते. गावाचा दिवस किती वाजता सुरू होतो हे सांगणे माझे काम होते, आणि तेवढेच राहून गेले होते. आपले काय आणि त्यांचे काय, ही रेघ नीट ओळखता आली की क्लाउडवर काम करणे सोपे होते. ती रेघ दाखवणे हाच या पुस्तकाचा हेतू आहे.

वेब ॲप्लिकेशन लिहिणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाला टेबल, खुर्ची आणि एकाग्र मन पुरते. दुसऱ्याला एक यंत्र लागते, जे कधीही बंद पडता कामा नये. वेबचा जन्मही या अटीसह झाला. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास जगातला पहिला वेब सर्व्हर एका नेक्स्ट संगणकावर चालवला. त्या संगणकावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशा अर्थाची. होस्टिंगची सगळी चिंता त्या एका चिठ्ठीत आहे. पुढच्या काळात बदलले ते एवढेच, की ही चिंता कोणी वाहायची.

आमच्या पिढीने ती स्वतः वाहिली आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसातला सर्व्हर एका लाकडी कपाटाशेजारी होता. महाराष्ट्रात ते भारनियमनाचे दिवस होते. वीज जाण्याचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असे, आणि यूपीएसचा बीपबीप सुरू झाला की बॅटरी संपायच्या आत सर्व्हर नीट बंद करायला एकाला धावावे लागे. ज्यांना हे परवडत नसे ते शेअर्ड होस्टिंग घेत. एकाच यंत्रावर शेकडो लोकांच्या साइट, आणि आपली पाने एफटीपीने एकेक करून वर चढवायची. पाच फाइली चढल्या आणि सहाव्या फाइलीला जोडणी तुटली, की अर्धी साइट नवी आणि अर्धी जुनी. कोणती फाइल कधी बदलली याची नोंद नसे, आणि मागे फिरायची सोयही नसे.

या परिस्थितीला पहिला मोठा छेद २००६ मध्ये गेला. ॲमेझॉनने त्या वर्षीच्या मार्चमध्ये एस३ ही साठवणुकीची सेवा सुरू केली आणि ऑगस्टमध्ये ईसी२. आता यंत्र विकत न घेता तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळू लागले. पण भाड्याचे झाले तरी ते यंत्रच. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम लावायची, सुरक्षेच्या सुधारणा वेळच्या वेळी करायच्या, डेटाबेस बसवायचा, रात्री तो बंद पडला तर उठून सुरू करायचा, हे सगळे आपल्याकडेच राहिले.

पुढची पायरी एका छोट्या कंपनीने टाकली. जेम्स लिंडेनबॉम, ॲडम विगिन्स आणि ओरायन हेन्री या तिघांनी २००७ मध्ये हेरोकू सुरू केली. सुरुवातीला फक्त रूबी भाषेसाठी असलेल्या या सेवेचे म्हणणे साधे होते: तुम्ही प्रोग्राम द्या, तो चालवायचे आम्ही बघतो. एप्रिल २००८ मध्ये गूगलने ॲप इंजिन खुले केले, तेही आधी फक्त १०,००० प्रोग्रामरांसाठी आणि फक्त पायथन भाषेत. डिसेंबर २०१० मध्ये सेल्सफोर्सने हेरोकू २१.२ कोटी डॉलरला विकत घेतली, आणि हा प्रयोग हौशी लोकांपुरता नाही हे सगळ्यांना कळले. २०११ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणीकरण संस्थेने क्लाउडची व्याख्या छापली, तेव्हा या प्रकाराला तिने स्वतंत्र जागा दिली: प्लॅटफॉर्म ही सेवा म्हणून देणे.

या व्याख्येतले तीन प्रकार विद्यार्थ्यांना समजावताना मी लग्नाचे उदाहरण देतो. मोकळे मैदान भाड्याने घेतले, तर मांडव, पाणी, वीज, भांडी, आचारी, सगळे आपण बघायचे. ते भाड्याचे यंत्र. याच्या दुसऱ्या टोकाला सगळे आयते. जसे की जीमेल, जिथे आपण फक्त जाऊन बसायचे. या दोहोंच्या मध्ये मंगल कार्यालय. हॉल, स्वयंपाकघर, पंखे, दिवे, पाण्याची टाकी, जनरेटर, गाड्या लावायला जागा, सगळे तिथे आहे. पण लग्न आपले. मुहूर्त आपला, पाहुणे आपले, विधी आपल्या घरचे. क्लाउड प्लॅटफॉर्म म्हणजे हे मंगल कार्यालय. आणि ज्यांनी एकदा तरी घरचे कार्य अशा ठिकाणी केले आहे त्यांना ठाऊक असते, की कार्यालयाचे काही नियम असतात आणि ते आधी समजून घेतले तर दिवस आनंदात जातो.

आधी तिथले काम कसे चालते ते जवळून पाहू. समजा, आपला प्रोग्राम तयार आहे आणि त्याचा इतिहास गिटमध्ये ठेवलेला आहे. गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले बदलांची नोंद ठेवण्याचे साधन. आपण टर्मिनलमध्ये ‘गिट पुश’ची एक ओळ लिहून एंटर दाबतो. प्लॅटफॉर्म आलेल्या फाइली उघडून पाहतो. ‘पॅकेज.जेसन’ दिसली तर हा नोडचा प्रोग्राम, ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ दिसली तर पायथनचा. त्या फाइलीत लिहिलेली प्रत्येक लायब्ररी तो स्वतः आणून बसवतो. मग प्रोग्राम, लायब्ररी आणि भाषा यांचे एक बंद गाठोडे बांधतो. हे गाठोडे एका कप्प्यात उघडले जाते. या कप्प्याला कंटेनर म्हणतात. कोणत्या पोर्टवर ऐकायचे तो क्रमांक प्रोग्रामला कळवला जातो. प्रोग्राम उभा राहिला, त्याने पहिले उत्तर दिले, की प्लॅटफॉर्मचा राउटर येणारी माणसे जुन्या कप्प्याकडून नव्याकडे वळवतो. त्यानंतरच जुना कप्पा बंद होतो.

हे सगळे होईपर्यंत चहाचा कप संपलेला नसतो. पडद्यावर शेवटी एक क्रमांक येतो: आवृत्ती ४२. काही बिघडले तर एका आज्ञेने आवृत्ती ४१ परत येते. अर्धी नवी आणि अर्धी जुनी साइट ज्यांनी पाहिली आहे, त्यांनाच त्या मागे फिरण्याचे मोल कळेल. पत्त्याच्या अलीकडचे कुलूप, म्हणजे सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र, एके काळी पैसे भरून घ्यावे लागे आणि दर वर्षी आठवणीने बदलावे लागे. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाल्यापासून बहुतेक प्लॅटफॉर्म तेही काम आपोआप करतात.

आता नियम. कार्यालयाचा पहिला नियम, सामान मागे ठेवायचे नाही. संध्याकाळी खोल्या रिकाम्या करून द्यायच्या, कारण उद्या तिथे दुसरे कार्य आहे. प्लॅटफॉर्मचा कप्पाही तसाच. नवी आवृत्ती चढली, यंत्र बदलले किंवा दिवसाची साफसफाई झाली, की कप्पा नव्याने उघडतो, आणि प्रोग्रामने त्यात लिहिलेली प्रत्येक फाइल जाते. त्याच दूध केंद्रासाठी मी सभासदांच्या बँक पासबुकांचे फोटो घेण्याची सोय केली होती. ते फोटो प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये साठवले. दिवसभरात साठ-सत्तर लोकांनी फोटो दिले, आणि दुसऱ्या दिवशी फोल्डर रिकामे. सचिवांनी प्रत्येकाला पुन्हा पासबुक घेऊन बोलावले. रोजगार बुडवून दुसऱ्यांदा आलेल्या त्या माणसांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. तेव्हापासून मी शिकवतो: जे टिकायला हवे ते डेटाबेसमध्ये किंवा वेगळ्या साठवणुकीत ठेवा, कप्प्यात ठेवू नका.

दुसरा नियम, दागिन्यांची पेटी खोलीत उघडी टाकायची नाही. डेटाबेसचा पासवर्ड, पैसे भरण्याच्या सेवेची किल्ली, या गोष्टी प्रोग्रामच्या ओळींत लिहायच्या नाहीत. त्या प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये वेगळ्या ठेवायच्या, आणि प्रोग्रामने त्या चालू होताना तिथून घ्यायच्या. गिटमध्ये एकदा गेलेला पासवर्ड नंतर ओळ पुसली तरी इतिहासात राहतो. तसे घडले तर पुसत बसू नका, तो पासवर्डच बदला.

तिसरा नियम, पंगत कितीही वाढली तरी वाढणे एकसारखे हवे. गर्दी झाली की प्लॅटफॉर्म त्याच प्रोग्रामचे आणखी कप्पे उघडतो. एका माणसाची पहिली विनंती एका कप्प्याकडे जाईल, दुसरी दुसऱ्याकडे. लॉग-इन केल्याची आठवण एकाच कप्प्याच्या मेमरीत ठेवली असेल, तर दुसरा कप्पा त्याला ओळखणार नाही. असे बारा नियम ॲडम विगिन्स यांनी हेरोकूच्या अनुभवावरून लिहून काढले. ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. या पुस्तकातली तिसरे ते आठवे ही प्रकरणे त्यांच्याच आधाराने, पण आपल्याकडच्या उदाहरणांनी लिहिली आहेत.

नियम पाळले की काय मिळते, याचे उदाहरणही एका लग्नाचेच आहे. २९ एप्रिल २०११ रोजी लंडनमध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मिडलटन यांचा विवाह झाला. त्या सोहळ्याची अधिकृत साइट गूगल ॲप इंजिनवर होती. लग्नाच्या दिवशी सुमारे ५६ लाख लोकांनी ती उघडली आणि दीड कोटी पाने पाहिली. ऐन गर्दीत सेकंदाला २,००० विनंत्या येत होत्या. त्या एका दिवसासाठी कोणी तेवढी यंत्रे विकत घेतली असती, तर दुसऱ्या दिवशी ती धूळ खात पडली असती. आपल्याकडे हीच गरज निकालाच्या दिवशी, यात्रेच्या आठवड्यात, कांद्याचा लिलाव सुरू होतो त्या तासाला असते. बाकीच्या वेळी दोन-चार माणसे, आणि त्या तासाला हजारो.

अंतराचाही विचार करायला हवा. क्लाउड या शब्दाने हे सगळे आभाळात आहे असे वाटते. ते जमिनीवरच आहे, पत्त्यासह. मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत जाऊन परत यायला काचेच्या तारेतून प्रकाशालाही किमान सव्वाशे मिलिसेकंद लागतात, आणि एक पान उघडताना अशा फेऱ्या अनेक होतात. गावातल्या माणसाला साइट ‘जड’ वाटते ती पुष्कळदा यामुळे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे ॲझ्युअरची केंद्रे उघडली, जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचे मुंबई केंद्र आले, २०१७ मध्ये गूगलचे. आज प्लॅटफॉर्म निवडताना जागा विचारली जाते तेव्हा न वाचता पुढे जाऊ नका. वापरणारी माणसे सांगली-साताऱ्याची असतील, तर प्रोग्राम आणि डेटाबेस दोन्ही मुंबईत किंवा पुण्यात असू द्या. दोन्ही एकाच ठिकाणी हवेत, कारण त्यांचे आपसातले बोलणे सर्वांत जास्त असते.

आणि आता रेघेच्या अलीकडची बाजू, जी कोणताही प्लॅटफॉर्म सांभाळणार नाही. वेळ आपली, हे आजींनी शिकवले. वर्णक्रमही आपला. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे बसवलेले आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. म्हणून डेटाबेसला भाषा न सांगता सभासदांची यादी लावली, तर काळे आधी आणि काशीद नंतर येतात. जुन्या वहीत नाव शोधायची सवय असलेल्या कारकुनाला ते सापडत नाही आणि तो म्हणतो, नाव गेले. मराठी क्रम लावायची सोय अनेक डेटाबेसमध्ये आहे. ती मागावी मात्र लागते.

डेटाची दुसरी प्रत हीसुद्धा आपली जबाबदारी. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि तिथली एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांची दुसरी प्रत वेगळ्या शहरात होती ते पुन्हा उभे राहू शकले. ज्यांची प्रत त्याच आवारात होती, त्यांतल्या अनेकांचे सगळे गेले.

कार्यालय बदलायची तयारीही आपणच ठेवायची. हेरोकूची मोफत योजना अनेक वर्षे चालली. शिकणाऱ्या किती मुलांचे पहिले ॲप तिच्यावर उभे राहिले असेल! २८ नोव्हेंबर २०२२ पासून ती बंद झाली. फेसबुकने पार्स ही सेवा विकत घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये बंद केली. मालकाचे निर्णय मालक घेतो. आपला प्रोग्राम सर्वांना ठाऊक असलेल्या भाषेत, डेटाबेस सर्वत्र मिळणारा आणि डेटा हवा तेव्हा उतरवून घेता येईल असा ठेवला, तर एका आठवड्यात दुसरीकडे जाता येते. एकाच प्लॅटफॉर्मच्या खास सोयींवर सगळे बांधले असेल, तर तो आठवडा वर्षाचा होतो. याबरोबर बिलाकडे लक्ष ठेवा. आपोआप वाढणारे कप्पे आपोआप वाढणारे बिलही आणतात. खर्चाची मर्यादा आणि सूचना पहिल्याच दिवशी लावून ठेवा. हे काम पाच मिनिटांचे आहे.

या पुस्तकात मी एकाच प्लॅटफॉर्मची बटणे शिकवलेली नाहीत. बटणांच्या जागा दर वर्षी बदलतात, वर सांगितलेली रेघ बदलत नाही. पहिली दोन प्रकरणे इतिहासाची आहेत, नंतर नियम, आणि शेवटची चार प्रकरणे रेघेच्या अलीकडच्या कामांची: वेळ, भाषा, प्रत आणि खर्च. सर्व्हर, डेटाबेस, पोर्ट हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण कामावर आपण हेच बोलतो. त्यांच्या मागची कल्पना मात्र प्रत्येक ठिकाणी मराठीत उलगडून सांगितली आहे. तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींनी हे काम परके समजून दूर राहू नये, ही माझी मनापासूनची तळमळ आहे. यासाठी पुण्या-बेंगळुरूला जायला लागत नाही. एक लॅपटॉप, बरी जोडणी आणि एक खरी गरज, एवढे पुरते.

ती खरी गरज शोधूनच पुस्तक वाचायला घ्या, एवढी विनंती आहे. शेजारच्या पिठाच्या गिरणीची उधारी असेल, वाचनालयाची देवघेव असेल, पतसंस्थेची पिग्मी असेल. ज्यांचे काम आहे त्यांच्याकडे जाऊन बसा, त्यांची वही पाहा, आणि पहिली ओळ लिहायच्या आधी त्यांना विचारा, त्यांचा दिवस किती वाजता सुरू होतो.